‘को.’ लिहिलेला डबा

४ ऑक्टोबर

समितीने मला एक वही दिली आहे. जाड पुठ्ठ्याची, पानांवर क्रमांक छापलेली. तीत रोजचं काम लिहायचं, तारीख घालायची, सही करायची आणि विशेषण एकही वापरायचं नाही. पहिल्याच पानावर मी ‘उत्साहवर्धक’ लिहिलं, तर अध्यक्षांनी लाल शाईने खोडून वही परत धाडली. म्हणून ही दुसरी वही. विशेषणं इथे.

तर, परवानगी मिळाली. चौदा दिवस. ताईच्या पायावर आमची पट्टी लावून बघायची.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. वय एकोणसाठ. रोपवाटिका चालवते आणि तीस वर्षं ओल्या मातीत अनवाणी वावरते. चप्पल घातली की माती काय म्हणते ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. जूनमध्ये डाव्या पावलावर कुदळ निसटली. मातीने जे म्हणायचं ते तेव्हा म्हटलं. उष्ण प्रदेशातल्या चिखलात राहणारा एक जंतू जखमेत शिरला आणि चार महिने झाले, हलायला तयार नाही. आजाराचं नाव मेलिऑइडोसिस. ताई म्हणाली, “नावातच ‘मेली’ आहे. तुम्हा शास्त्रज्ञांना दुसरं नाव सुचलं नाही?”

शिरेतून औषध चालू आहे. रक्तात तो सापडत नाही, पण पावलात स्वतःभोवती चिकट पडदा विणून बसलाय आणि औषध त्या पडद्याच्या दाराशी थांबतं. आता हाडाजवळ पोचतोय. सर्जनने, ज्याला मी या वहीत करवत म्हणणार आहे, वीस तारीख दिली आहे. कापायचं घोट्याच्या वर चार बोटं.

आमची पट्टी कोळंबीच्या टरफलांतून काढलेल्या चिवट पदार्थाची. कायटोसान. तो त्या चिकट पडद्याला जाऊन बिलगतो, त्याची वीण सैल करतो, आणि मग पट्टीत भरलेलं औषध आत शिरतं. काचेच्या बशीत हे शंभर वेळा झालंय. बशीला पाय नसतो, हे करवतने मला दोनदा ऐकवलं.

समितीची अट: मी भाऊ, म्हणून पट्टी बनवायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची, तिथे माझा हात संपला. द्यायची प्रयोगशाळेतल्या बाईंनी, लावायची वॉर्डातल्या सिस्टरनी. जखम मी बघायची नाही. भावाची नजर आशाळभूत असते म्हणे. हे विशेषण अध्यक्षांचं. त्यांना वापरायची मुभा आहे.

६ ऑक्टोबर

पहिली पट्टी लागली.

डबे कालच भरले. चौदा पट्ट्या, निळ्या झाकणाचा डबा, फ्रिजच्या वरच्या खणात. खुणा मीच घातल्या. कोळंबीची ती ‘को.’, समुद्रशेवाळापासून केलेली, बशीतच नापास झालेली, ती ‘शे.’. वॉर्डासाठी चिठ्ठी केली: ‘को. रोज एक.’ मला लांबण आवडत नाही. आमच्या प्रयोगशाळेत निम्मा पगार लोकांना लेबलं लिहायचा मिळतो.

यात अग्रणी आमच्या तंत्रज्ञ बाई. एकतीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन बाकी. जखमेचा आकार पारदर्शक कागदावर गिरवून आणतात, तो आलेखाच्या कागदावर ठेवतात आणि चौकोन मोजतात. अर्धा चौकोन, पाव चौकोन, सगळं. मी त्यांना मनातल्या मनात मोजपट्टी म्हणतो. आजची जखम: अठरा चौरस सेंटिमीटर.

चिठ्ठी वाचून त्या माझ्या टेबलाशी आल्या.

“सर, आधी ‘को.’ लावायचं ठरवलंत, बरं केलंत. मला वाटलं होतं तुम्ही घाई कराल.”

अकरा वर्षांत पहिलं कौतुक. मी मान हलवली. कौतुकाचं कारण विचारलं तर ते परत घेतलं जाण्याची भीती असते.

७ ऑक्टोबर

भेटीच्या वेळेत ताईकडे.

“कशी आहे पट्टी?”

“गार आहे. ढब्बू, हे खरंच कोळंबीच्या सालीचं?”

“टरफलांचं.”

“म्हणजे आयुष्यभर कचरापेटीत टाकलं ते आता पायावर बांधून घेतलंय.” मग म्हणाली, “रोपांना पाणी कोण घालतंय?”

तिच्या माणसांनी घातलंय, सांगितलं. “घालतात कसले, ओततात,” म्हणाली. तब्येत सुधारत असल्याचं लक्षण. टोमणे मारायला ताकद लागते.

९ ऑक्टोबर

मोजपट्टीबाईंचा आकडा: एकोणीस. एक चौकोन वाढला. मी त्यांना विचारलं, गिरवायचं पेन बदललंत का? म्हणाल्या, नाही सर, तेच आहे. मला तरी रेघ जाड वाटली. जाड रेघेने दहा टक्के सहज वाढतात.

ताईला विचारलं तर तिने मोठी बातमी दिली. “ठणकायचं थांबलं रे. दोन दिवस झाले.”

मी तिथल्या तिथे तिचा हात धरला. ती खिडकीकडे बघत होती. चार महिने ठणका सोसलेल्या माणसाला तो थांबल्यावर काय वाटत असेल, ते मला दिसत होतं.

करवत जिन्यात भेटला. त्याला सांगितलं, ठणका गेला. तो म्हणाला, “हं.” या माणसाला चांगली बातमी पचत नाही. हातातलं काम जाण्याची भीती.

११ ऑक्टोबर

ताईने खाट खिडकीशी सरकवून घेतली आहे. बाहेरचं झाड बघायचं म्हणते. मलाही खाटेच्या डोक्याशी, खिडकीच्या बाजूला बसवते. शेजारच्या खाटेवरच्या आजी पलीकडच्या कोपऱ्यात गेल्या. वारा लागतो म्हणे. म्हातारी माणसं.

सिस्टरना विचारलं, जखम कशी दिसते? “तुम्हाला सांगायचं नाही असं लिहून दिलंय,” म्हणाल्या.

“नुसतं बरी की वाईट?”

“सर, मला दोन मुलं आहेत आणि ही नोकरी आहे.”

सगळं नियमाने चाललंय. समितीने आनंदित व्हावं.

१२ ऑक्टोबर

बावीस.

पेनची रेघ एवढी जाड नसते. मी बाईंच्या शेजारी उभं राहून सगळे चौकोन पुन्हा मोजले. बावीस आणि पाव.

मग मला शंका पट्ट्यांची आली. फ्रिजचं तापमान बिघडलं असेल, औषध मेलं असेल. आज सातवी पट्टी गेली, म्हणजे सात उरल्या असतील. त्यातली एक बशीत तपासू म्हणून वरच्या खणातला निळा डबा काढला.

चौदा.

दोनदा मोजल्या. चौदाच्या चौदा, मी जशा रचल्या होत्या तशा, मधले कागदही सरळ.

“बाई, तुम्ही रोज सिस्टरना पट्टी कुठून देता?”

त्यांनी खालचा खण उघडला. पांढऱ्या झाकणाचा डबा. त्यावर त्यांच्या गोल, शाळेतल्या अक्षरात ‘को.’

“हे काय आहे?”

“कोरी, सर.”

कोरी. औषध न भरलेली. प्रत्येक बशीत तुलनेसाठी एक अशी ठेवतात, म्हणजे फरक औषधाने पडला की नुसत्या पट्टीने, ते कळतं. बाई या गेल्या एकतीस वर्षं बनवतात. एकतीस वर्षं या खोलीत ‘को.’ म्हणजे कोरी. माझ्या आधीच्या साहेबांच्या काळात, त्यांच्या आधीच्या साहेबांच्या काळातही. मी अकरा वर्षांपूर्वी आलो आणि खालच्या खणावर काय लिहिलंय ते वाचण्याएवढा लहान कधी झालोच नाही.

“मला वाटलं,” बाई म्हणाल्या, “पहिला आठवडा नुसती कोरी लावून कातडीला सोसते का बघताय. सावधपणा म्हणून. मी तुम्हाला म्हटलंसुद्धा, बरं केलंत.”

म्हटलं होतं. मी मान हलवली होती.

सात दिवस ताईच्या पायावर कोळंबीचं रिकामं टरफल.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ

नीट लिहून काढतो. डोकं चालत नाहीये.

एक: समितीला सांगितलं तर प्रयोग बंद होण्याची शक्यता मोठी. बंद झाला तर वीस तारखेला पाय गेला.

दोन: सांगितलं नाही तर उद्या सकाळी दोन डबे आपापसात बदलायचे. एवढंच. चिठ्ठी तीच, खूण तीच, सिस्टर त्याच. सात दिवस खऱ्या पट्ट्या मिळतील. पाय वाचेल. कुणाला कळणार नाही.

बाईंना कळेल.

बाई पर्स भरून निघाल्या होत्या, दारातून परत आल्या. “सर, डबा मी दिला. माझी दोनच वर्षं राहिलीत. समितीला सांगा मी चुकले. तुम्हाला काढलं तर पट्ट्या कोण बनवणार? ताईंचा पाय महत्त्वाचा.”

मी नाही म्हणालो. लगेच नाही. साधारण चार सेकंदांनी. बाईंनी ती मोजली असणार.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती, सुरी थांबली नाही. म्हणाली, “तू वाणसामानाच्या यादीतसुद्धा ‘सा.’ लिहितोस. मी साबण आणते आणि तुला साखर हवी असते. वीस वर्षं सांगतेय.” मग सुरी थांबली. “ताईंना कोण सांगणार?”

१३ ऑक्टोबर

सकाळी सातला अहवाल लिहायला बसलो. ‘डब्यांवरील खुणांबाबत गैरसमज होऊन चुकीच्या पट्ट्या दिल्या गेल्या.’ दोनदा वाचलं. डौलदार वाक्य. बाईंना दाखवलं.

त्यांनी चष्मा लावला, वाचलं, कागद परत केला. “सर, यात कर्ता कुठे गेला?”

“कर्मणी प्रयोग आहे बाई. अहवालात चालतो.”

“कर्म तर ताईंच्या पायाला भोगावं लागलंय. कर्त्याचं नाव असू द्या.”

शालेय व्याकरण मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुन्हा शिकावं लागलं. नवीन वाक्य: ‘मी डब्यावर अपुरी खूण लिहिली आणि प्रयोगशाळेत ती आधीपासून कशासाठी वापरतात हे विचारलं नाही.’ एकही विशेषण नाही. ‘अपुरी’ सोडून. ते राहू दिलं.

समिती अकरा वाजता बसली. अध्यक्ष, दोन सदस्य, करवत. बाईंना बाहेर बसवलं होतं, त्या न विचारता आत आल्या. अध्यक्षांनी मला एकच विचारलं: “तुम्ही आज सकाळी डबे बदलून गप्प बसू शकला असता. विचार आला होता?”

“आला होता.”

“किती वेळ?”

“एक संध्याकाळ.”

त्यांनी काहीतरी लिहिलं. चांगलं की वाईट, उलट बाजूने वाचता आलं नाही.

मी धरून चाललो होतो की बंद करा असं करवतच म्हणेल. तो म्हणाला, “वीस तारीख मी पुढे ढकलणार नाही. हाड वाट बघणार नाही. पण तोवर सात दिवस आहेत आणि माझ्याकडे दुसरं काही नाही. पेशंटला सगळं खरं सांगा. ती परत सही करत असेल तर लावा.” नंतर माझ्याकडे न बघता, “ठणका गेला हे तुम्ही मला आनंदाने सांगितलंत. अशा पावलातला ठणका जातो तेव्हा खालची संवेदनेची नस मरत असते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल.”

ठाऊक होतं. वर्गात मीच शिकवतो.

निकाल: मी प्रयोगातून बाहेर. आजपासून काम बाईंच्या सहीने. ताईला मी आजच सांगायचं.

१३ ऑक्टोबर, दुपार

सांगितलं. खुर्ची खिडकीच्या बाजूला नेली नाही, पायाच्या बाजूला नेली. तेव्हा वास आला.

ती पांघरुणाच्या काठाची शिवण नखाने उसवत होती.

“म्हणजे सात दिवस मी नुसती सेलोटेप लावून पडले होते.”

“तसं म्हण.”

“तसं म्हण काय? तू म्हण. तू लावलीस.”

“मी लावली.”

“लहानपणी तू माझ्या वह्यांवरसुद्धा अर्धवट नाव घालायचास. दोन अक्षरं आणि टिंब. शाळेतल्या बाई विचारायच्या, ही वही कोणाची?” आवाज चढला, पलीकडच्या आजींनी मान वळवली. “माझा पाय आहे रे हा! तुझी वही नाही!”

 मला या प्रकारच्या वाक्यांना जे उत्तर सुचतं ते विनोदी असतं.

मग तीच खाली बघत म्हणाली, “मीही खोटं बोलले. ठणका गेला तेव्हाच कळलं होतं. बोटांत काहीच नाही. टाचणी टोचून बघितली एकदा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू दारातून यायचास तो असा... निकाल लागलेल्या मुलासारखा. कुठल्या तोंडाने सांगू नापास झालास म्हणून?”

सही केली. तीन ओळींचा खुलासा तिने दोनदा वाचला. पेन परत देताना म्हणाली, “उद्याच्या पट्टीवर काय लिहिलंय ते मी स्वतः वाचणार. पूर्ण शब्द असला तरच पाय पुढे करणार.”

१४ ऑक्टोबर

बाईंनी निळ्या डब्यावर नवं लेबल लावलं. ‘कोळंबी, औषध भरलेली. रोज एक.’ खाली तारीख, वेळ, सही. झाकण पुरलं नाही, बाजूवर वळवावं लागलं. 

सिस्टर म्हणे ताईसमोर डबा घेऊन उभ्या राहिल्या आणि ताईने मोठ्याने वाचून दाखवला. वॉर्डभर.

१६ ऑक्टोबर

बावीस. वाढ नाही, घट नाही. मला आता आकडा सांगायचा नाही असा नियम आहे. बाईंनी आलेखाचा कागद माझ्या टेबलाजवळच्या खिळ्याला टांगला आणि चहाला गेल्या.

चार दिवस राहिले. करवतच्या माणसाने ताईच्या पोटरीवर शाईने रेघ मारून ठेवली आहे. कुठून कापायचं ती. ताईने मला ती पांघरूण बाजूला करून दाखवली. “बघ, याची रेघ किती बारीक आहे,” म्हणाली. “पेन चांगलं दिसतंय.”

पेनची गोष्ट तिला कुणी सांगितली? या इस्पितळात माझ्याबद्दल काहीतरी बोललं जातं.

१७ ऑक्टोबर

भेटीच्या वेळेला पोचलो तर वॉर्डाच्या दारातच ताईचा आवाज. शिव्या. मातीत तीस वर्षं राहिलेल्या बाईच्या, माळ्यांना दिलेल्या, घाटदार शिव्या. पाय धरून रडत होती. सिस्टर बाजूला उभ्या, थांबवत नव्हत्या. करवत खाटेशी वाकून तिच्या अंगठ्याला सुईचं टोक लावत होता.

“इथे?”

“आई गं! मेल्या, हो!”

“इथे?”

“हो म्हटलं ना!”

“इथे?” करंगळी.

ती थांबली. “तिथे नाही.”

“त्याच्या शेजारी?”

“तिथेही नाही.”

करवत उभा राहिला. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. “दुखतंय तिला,” म्हणाला. आणि निघून गेला. मला कळलं ते असं की हा माणूस एवढं बोलला म्हणजे त्याचं भाषण झालं.

खिळ्यावरचा आकडा: एकोणीस.

१९ ऑक्टोबर

सोळा आणि अर्धा.

एक्स-रे फोटोत हाडाजवळची सावली तेवढीच आहे. वाढली नाही. कमी झाली का, यावर करवत आणि फोटोवाले डॉक्टर अर्धा तास वाद घालत होते. मी बाहेर बाकावर. बाई शेजारी येऊन बसल्या.

“सर, अध्यक्ष म्हणाले, अशी तुलना मुद्दाम करायला गेलो असतो तर परवानगी दिली नसती. एकाच पायावर सात दिवस कोरी, सहा दिवस भरलेली. लेखात घालायचं म्हणतात.”

“माझी बहीण तुलना नाहीये.”

“मी तेच सांगितलं त्यांना.” थोड्या वेळाने, “पण घालायचं, सर. पुढच्या पेशंटला कोरीचे सात दिवस काढावे लागणार नाहीत.”

एकतीस वर्षं ही बाई माझ्यासारख्यांना फ्रिजमधून डबे काढून देतेय. मी त्यांना काय म्हणतो ते त्यांना कळू नये. किंवा कळलेलं असेल.

ताईला करवतने संध्याकाळी सांगितलं: उद्या ऑपरेशन होणार. घोट्याचं ठरवलेलं रद्द केलेलं नाही. उघडून बघणार, आतलं हाड जिथवर चांगलं असेल तिथवर थांबणार. ते कुठे, ते उद्याच कळेल.

“म्हणजे झोपताना माझा पाय कुठवर असेल ते मला माहीत असेल,” ताई म्हणाली, “आणि उठताना नसेल.”

“बरोबर,” करवत म्हणाला. या माणसाला खोटं येत नाही. मला आता ते आवडायला लागलंय. विशेषण सुचत नाही.

२० ऑक्टोबर

सकाळी आठला आत नेलं. साडेदहाला करवत बाहेर आला. मास्क खाली ओढला, पाणी मागितलं, प्यायला. ते पाणी तो किती सावकाश प्यायला हे मी कुठल्याही वहीत लिहू शकणार नाही.

“दोन बोटं गेली. करंगळी आणि शेजारचं. बाकी आहे.”

बाकी म्हणजे काय, मी विचारलं. मला पूर्ण वाक्य हवं होतं.

“तीन बोटं, तळवा, टाच, घोटा. आहे.”

२४ ऑक्टोबर

मी आता प्रयोगात नाही म्हणजे नुसता नातेवाईक आहे, आणि नातेवाइकाला पट्टी बदलताना थांबता येतं. हे सिस्टरनीच शोधून काढलं. नियम वाचायची त्यांची पद्धत माझ्यापेक्षा बरी आहे.

“थांबायचं असेल तर कामाला लागा. टाच धरा. वर. अजून वर. हलवू नका.”

हातमोजे घातले. सिस्टरनी जुनी पट्टी भिजवून सोडवली. चार महिने ज्याच्याबद्दल बोललो, लिहिलं, भांडलो, ते मी पहिल्यांदा बघितलं. आकड्यांवरून मला काहीतरी चौकोनी वाटत होतं. तसं नव्हतं. कडेने लालसर, ओलं, दाणेदार मांस, कच्च्या डाळिंबासारखं. मध्ये एक खळगा. बाहेरच्या बाजूला टाके, आणि जिथे दोन बोटं असायची तिथे पाऊल एकदम संपतं, वाक्य मध्येच सोडल्यासारखं.

“काय बघतोस?” ताईने विचारलं. ती स्वतः छताकडे बघत होती. ऑपरेशननंतर अजून एकदाही खाली बघितलेलं नाही, असं सिस्टर म्हणाल्या.

“पाय.”

“कसा आहे? आणि समितीला सांगतोस तसं सांगू नकोस.”

मी सांगायला लागलो. रंग सांगितला, खळगा सांगितला, टाके मोजून सांगितले. काही सोडलं नाही. मधे एकदा माझा आवाज गेला, तेव्हा सिस्टरनी पुढचं वाक्य पूर्ण केलं. टाच हातात जड होती. माणसाची टाच एवढी जड असते हे मला माहीत नव्हतं. मनगट भरून आलं, बोटांना मुंग्या आल्या.

“दमलास तर ठेव खाली,” ताई म्हणाली.

“नाही.”

“मग नीट धर. थरथरतोयस.” आणि तिने मान उचलून, हळूच, खाली बघितलं.